बाये, निळ्या वहीतलं ते पान

बाये,

हॉस्टेलवर नीट पोचलीस ते आईने सांगितलं. फोनवर मला धड बोलता येत नाही, दोन वाक्यं झाली की गळा भरून येतो आणि मग मी जेवलीस का विचारून फोन आईकडे देतो, म्हणून हे टाइप करतोय. बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, सकाळची फेरी झाली, मुलं शाळेत गेली, आता दुपारपर्यंत मी मोकळाच.

काल रात्री पाऊस भयंकर होता, तुझ्या खोलीतलं कोपऱ्यातलं कौल सरकलं आणि पाणी थेट टेबलावर. पुस्तकं उचलून पलंगावर टाकताना ती निळी वही खाली पडली आणि शेवटचं पान उघडलं. मुद्दाम नाही गं वाचलं, देवाशपथ. वर लिहिलंय "बाबांना परत करायचे", खाली फी, हॉस्टेल, मेस, बसभाडं, त्या छोट्या भिंगाचे साडेचारशे पण धरलेयस. आणि त्याच्या खाली पेन्सिलीने, ट्यूशन, संध्याकाळी 5 ते 8, सोमवार ते शनिवार.

मी ओल्या फरशीवर तसाच बसून राहिलो. आई हाक मारत होती तरी उठवेना.

तू पाचवीत होतीस तेव्हा, 2012 च्या सप्टेंबरात, गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि आपला खनिज वाहायचा टिपर ट्रक दारात उभा राहिला. हप्ते चालूच होते. तेव्हा रात्री आम्ही दोघं हळू आवाजात हिशेब करायचो, तू झोपलीयस असं समजून. तू झोपलेली नसायचीस, ते मला आत्ता हे पान बघून कळलं. पण तो हिशेब टिपरचा होता बाये, तुझा नव्हता. ते कर्ज कधीच फिटलं.

तुझ्या बरोबरच्या मुली बँकेत लागल्या, तुझी नेट परीक्षा थोडक्यात गेली, आणि आता डिझर्टेशनचं सेमिस्टर, झोप लागत नाही म्हणालीस आईला. पोटात गोळा येणारच. जेआरएफ, ती संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला 37,000 मिळतात हेही तूच सांगितलंस, मिळू देत, पण मला फेडायला म्हणून शिकू नकोस. सहा दिवस ट्यूशन म्हणजे शनिवार गेला, आणि शनिवार गेला की सडा गेला, आपलं ते जांभ्याचं पठार. ती फुलं काय तुझ्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबणार आहेत? चतुर्थीनंतर थोड्याच दिवसांत सडा पिवळा पडतो.

गेल्या वर्षी मला जांभ्यावर गुडघे टेकायला लावलेस आणि भिंग हातात दिलंस ते आठवतं ना? नखाएवढी निळी फुलं, सीतेची आसवं म्हणालीस. आणि बाजूला ते तांबडं दवबिंदूचं रोप, त्याच्या केसांवर चिकट थेंब, एका थेंबात चिलट अडकलेलं, पाय अजून हलत होते. इथे मातीच नावाला, पावसात सगळं धुऊन जातं, नायट्रोजन नाही, म्हणून हे किडा धरून खातं असं तू सांगत होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. असल्याच सड्यांच्या पोटातलं खनिज मी अकरा वर्षं वाहिलं, वर काय उगवतं ते कधी खाली उतरून बघितलं नव्हतं.

आईला सांगितलंस की नवीन खोलीकडून पावसात झुआरी नदी दिसते आणि कोऱ्या वह्यांचा वास घेत बसलीस, ते ऐकून फार बरं वाटलं. असलं मलापण सांगत जा.

कौल बसवलं. पुस्तकं सुकली, दोनच फुगलीयत. परसातली हळद गुडघ्याएवढी झालीय, नागपंचमीला तिच्या पानांतल्या पातोळ्या खायला ये. ते पान मी फाडलेलं नाही, वही तुझी आहे, आलीस की तूच फाड. आणि सड्यावर जायचं असेल तेव्हा आदल्या रात्री कळव, फेरी आटपून मी स्कूटर घेऊन स्टँडवर येतो. जुनी पँट घाल, गुडघे टेकावे लागतात.

बाबा