तेंदूच्या गोण्या मोजल्या, चारोळीची रोपे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की तेंदूपानाच्या लिलावाच्या बातम्या सुरू होतात. अमुक ग्रामसभेला इतके लाख, तमुक ग्रामसभेला तितके. पैसा गावात आला याचा मलाही आनंद आहे. ग्रामसभेला जंगलातला माल विकण्याचा हक्क देणारा २००६चा वनहक्क कायदा नसता तर आमच्या हाती नुसती मजुरी पडली असती. पण तेंदू आणि बांबू सोडून त्या जंगलात काय उरलेय, हे कुणी विचारत नाही.

तेंदूला कोवळे पान फुटावे म्हणून खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, करायची असते. तिला मजूर लागतात, म्हणून काही जण सरळ आग लावून मोकळे होतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ते आणखी वेगळे. तेंदू जळला तरी मुळापासून पुन्हा फुटतो. चारोळीचे बोटभर रोप मात्र आगीत टिकत नाही. आमच्या जंगलात चारोळीची मोठी झाडे आहेत, पण त्यांच्या खाली कंबरेएवढे एखादे झाड दाखवा म्हटले तर शोधत फिरावे लागते. त्यात शेजारच्या गावाने आधी नेऊ नये म्हणून हिरवीच फळे ओरबाडायची, फांद्याच्या फांद्या खाली घ्यायच्या. मग बी पडणार कुठून?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाने तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले, बांबूवर भर दिला आणि ३४ हेक्टर जंगल नुसते राखून ठेवले. सगळ्यांना हे झेपेल असे मी म्हणत नाही. आमच्याकडे बियाण्याचे आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तेंदूच्या ७० पानांच्या पुड्यातूनच निघतात. पण लिलावाच्या रकमेतून खुटकटाईची मजुरी द्यायला आणि आग लावणाऱ्याला दंड करायला काय हरकत आहे?

गावातल्या झाडाझुडपांची, जीवांची नोंद ठेवायच्या जैवविविधता नोंदवहीची तर वेगळीच गंमत. राष्ट्रीय हरित लवादाने ती पूर्ण करायला मुदत घातल्यावर बाहेरून कुणी तरी आले आणि ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसून वही भरून गेले. तिच्यात गुलमोहर आहे, निलगिरी आहे. मटारूचा कंद नाही, कुड्याचे झाड नाही, पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या (अळिंबी) नाहीत. गावातल्या दोन म्हाताऱ्या बायांना सोबत घेऊन रानात गेले असते तर पाने पुरली नसती!

सामूहिक वनाच्या आराखड्यातही जाड खोडांचीच मोजदाद जास्त. वेल, कंद आणि रोपे यांना रकाना हवा, आणि त्या कामाची मजुरी आराखड्याच्या निधीतून मिळायला हवी. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत सागाच्या रांगा लावण्याआधी तिथे आपोआप काय उगवतेय, हेही एकदा वाकून बघावे.

येत्या पावसाळ्यात चारोळी आणि बिब्याची रोपे मोजायची, असा विषय मी ग्रामसभेत ठेवणार आहे. अशी मोजणी केलेल्या गावांनी आपल्या नोंदीचा नमुना या सदरातून कळवला तर आमचे काम सोपे होईल.

— वन व्यवस्थापन समितीची एक सदस्य, ता. कोरची, जि. गडचिरोली