हातमोजा परत करायचा आहे

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या नगरकडच्या मैत्रिणी चर्चच्या रेव्हरंडना पाळकसाहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. नाव विचारायचं राहूनच गेलं. परवा थंडीच्या कपड्यांची बॅग उपसताना तळाशी तुमचा करडा हातमोजा सापडला आणि मी तिथेच फतकल मारून रडत बसले.

स्टँडिंग रॉक, नोव्हेंबर २०१६. अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींचा हा मुलूख; तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध तिथे त्यांचं आंदोलन चालू होतं. ३ तारखेला पाचशेहून जास्त धर्मगुरू तिथे जमले, त्यातले तुम्ही एक. १४९३च्या ज्या फर्मानाने पोपने परक्यांच्या जमिनी बळकवायला मोकळीक दिली, त्याच्या प्रती तुम्ही सर्वांनी लाकोटा वडीलधाऱ्यांना विचारून जाळल्या. त्याचे फोटो सगळीकडे आले. मी लिहितेय ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेबद्दल.

मिनियापोलिसहून निघताना मी आमच्या लोकांना विचारलं होतं, चला म्हणून. 'गंगे च यमुने चैव' म्हणत कलश भरणारी ही मंडळी! कोणी म्हणालं राजकारण नको, कोणी म्हणालं ग्रीन कार्ड अडकेल. एका काकांनी तर पाइपलाइनवाल्या कंपनीचा शेअर कसा चाललाय ते ऐकवलं. शेवटी अनोळखी चर्चवाल्यांच्या व्हॅनमध्ये जागा मिळाली.

पहाटे तिथल्या बायका कॅननबॉल नदीला पाणी अर्पण करायला उतरत. 'म्नी विचोनी', पाणी म्हणजे जीवन. उतारावर दोन्ही बाजूंना पुरुष उभे राहून हात देत. माती दवाने निसरडी झालेली. मी वरच थबकले. नदी यांची, देव यांचे, मी कोण लागून गेले? तुम्ही खालून चौथे होतात. माझ्याकडे पाहिलंत, दाताने हातमोजा ओढून काढलात (लोकर निसटते ना!) आणि उघडा हात पुढे केलात. कुठली, कुठल्या धर्माची, काही नाही. हात बर्फासारखा गार होता, पण पकड घट्ट. हातमोजा माझ्याच मुठीत राहिला.

माझं आजोळ कोयनेच्या शिवसागरात बुडालं. मामा जमिनीसाठी अजून कचेरीत खेटे घालतो. त्यामुळे ओआहे धरणाने या लोकांची नदीकाठची जमीन गिळली हे तिथे कळलं, तेव्हा मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. पाइपलाइन जाणार होती ती त्याच जलाशयाखालून. बिस्मार्क शहराच्या वरच्या अंगाने न्यायचा विचार आधी झाला होता, तो सोडून दिला. शहराचं पाणी जपलं, यांचं नाही.

४ डिसेंबरला परवानगी नाकारली गेली, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात नाचलो. पुढे सरकार बदललं, परवानगी मिळाली आणि १ जून २०१७पासून तेल वाहू लागलं. काका म्हणाले, "मग काय मिळवलंस?" मी गप्प बसले. त्यांना हातमोजा दाखवायला हवा होता.

सभेत माइक धरणारे पुष्कळ भेटतात हो. चिखलात तासभर मुकाट उभे राहणारे मी फार थोडे पाहिलेत.

हातमोजा डाव्या हाताचा आहे. अंगठ्याजवळ उसवला होता, तो शिवलाय. करडा दोरा घरात नव्हता, म्हणून निळा लावला. पत्ता कळवा, पाठवून देते.

तुमची,
उतारावर थबकलेली बाई