थर्सोची लाट आणि आमची सहल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात थंड प्रदेशातील समुद्रावरच्या सर्फिंगविषयी, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाविषयी, एक सचित्र मजकूर आला होता. काळ्या खडकावर फुटणारी लाट, तिच्या पोकळीत वाकून उभा असलेला सर्फर आणि वर ‘मृत्यूच्या दाढेत’ असा मथळा. छायाचित्र उत्तम होते. आमच्या गावच्या वाचनालयात ते पाहायला मुलांची झुंबड उडालेली मी स्वतः पाहिली. मजकुरात मात्र त्या लाटेला ‘सुनामीसारखी अचानक उसळलेली’ म्हटले होते आणि तिच्यावर स्वार होणाऱ्यांना ‘जिवावर उदार झालेले वेडे’. ही दोन्ही वर्णने चुकीची आहेत आणि त्यांतील दुसरे तर आमच्याकडच्या मुलांच्या दृष्टीने घातक आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने लिहितो, कारण थोडक्यात सांगण्यासारखी ती नाहीत.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला भूगोलाचा निवृत्त शिक्षक. माझी मुलगी स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, थर्सो या गावाजवळ परिचारिका म्हणून नोकरी करते. गेल्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही पतिपत्नी तिच्याकडे होतो. ती सर्फिंग करते हे आम्हाला फोनवरून ठाऊक होते, पण म्हणजे नेमके काय करते, हे तिथे गेल्यावरच कळले. पहिली तीन वर्षे ती डनेट बे या वाळूच्या किनाऱ्यावर शिकली आणि त्यानंतरच, जुन्या जाणत्यांच्या सोबतीने, थर्सो ईस्ट नावाच्या खडकाळ जागी जाऊ लागली. सर्फिंगच्या जगात ही जागा नवखी नाही. १९८१ मध्ये थर्सोला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली होती आणि २००६ पासून काही वर्षे तिथे आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धाही भरत असत.

नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे एका पडक्या गढीखाली सपाट शिळांचा एक विस्तीर्ण थर पाण्यात उतरत जातो. थर्सो नदी दलदलीच्या पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीतून येत असल्यामुळे तिचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते आणि तोच रंग लाटेलाही चढतो. या शिळा सुमारे ३८ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि त्या समुद्रात तयार झालेल्या नाहीत. एका प्राचीन, गोड्या पाण्याच्या प्रचंड सरोवराच्या तळाशी साचलेला गाळ थरांवर थर बसून दगड झाला. त्यात त्या काळच्या माशांचे जीवाश्म सापडतात. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मुलखात जन्म गेलेल्या माणसाला, आज समुद्राची लाट ज्याच्यावर फुटते तो खडक एके काळी तलावाचा तळ होता, हे समजल्यावर काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकाल. मी वाकून त्या शिळेवर हात फिरवला. आपल्या वाळलेल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गाळाच्या पापुद्र्यांवर दिसतात तशाच बारीक रेषा तिच्या कडेला होत्या.

आता ‘अचानक उसळलेली’ या शब्दांविषयी. सुनामी समुद्रतळाच्या हालचालीतून उठते. थर्सोची लाट वाऱ्यातून जन्मते. उत्तर अटलांटिकमध्ये, आइसलंडच्या आसपास, कमी दाबाचे खोल क्षेत्र तयार होते, तिथला वारा शेकडो किलोमीटर पाण्यावरून सलग वाहतो आणि त्याची ऊर्जा पाण्यात उतरते. वादळ मागे राहते, लाटा पुढे निघतात. दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात त्यांच्या दोन माथ्यांमधील अंतर सुमारे ३०० मीटर असते, आणि अशा लाटेला दीडशे मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो. वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू वर येतो, म्हणून लाट दमत दमत ढासळते. खडकाळ जागी तो एकदम वर येतो. लाटेचा पाय अडखळतो, माथा त्याच वेगाने पुढे धावतो आणि संपूर्ण कडा पुढे फेकली जाते. ती पोकळी म्हणजेच आपण छापलेले छायाचित्र. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीड पट उरली की लाट फुटते. म्हणजे दोन मीटरच्या लाटेखाली तीन मीटरही पाणी नसते, आणि त्याखाली गादी नसून शिळा असते. त्या लाटेचे बळ याच्यात आहे. पण ती कुठे फुटणार, कोणत्या भरती-ओहोटीला फुटणार, कोणत्या दिशेच्या लाटांना फुटणार, हे ठरलेले असते. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, ज्या दिशेच्या वाऱ्याला आपण पाठ्यपुस्तकात मतलई म्हणतो, वाहत असेल तर लाटेचा माथा थोडा अधिक वेळ उभा राहतो. यात अचानक असे काही नाही. माझी मुलगी चार-पाच दिवस आधीपासून हवामानाचे नकाशे पाहत असे, जसे आपल्याकडे भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे पाहतो.

आता वेडेपणाविषयी, आणि हाच या पत्राचा खरा विषय आहे. जानेवारीतल्या एका सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. त्या अक्षांशावर तेव्हा दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. नऊच्या सुमारास उजाडले. तिने गाडी गढीजवळ लावली, फळी गाडीवरून काढलीसुद्धा नाही, आणि काच पुसून बसून राहिली. मला वाटले कोणाची वाट पाहते आहे. ती लाटा मोजत होती. लाटा झुंडीने येतात. मोठ्या चार-पाच आल्या की मध्ये शांतता असते, आणि ती शांतता किती मिनिटांची आहे हे ती घड्याळावर पाहत होती. मोठ्यातली मोठी लाट कुठे फुटते, पडणारा माणूस कुठल्या बाजूला ओढला जातो, बाहेर यायची जागा ओहोटीने किती उघडी पडली आहे, हे सगळे ती मला बोट दाखवून सांगत होती. एक तास वीस मिनिटे आम्ही असे बसलो. नंतर दोन सर्फर आले, त्यांच्याशी ती काच खाली करून थोडे बोलली, आणि मग म्हणाली, “बाबा, आज माझ्यासारखीचं पाणी नाही हे. चला घरी.” ते दोघे पाण्यात गेले, ती गेली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला ना खंत दिसली, ना लाज. तीन दिवसांनी लाट उतरल्यावर ती गेली, आणि तेव्हाही एकटी नव्हे.

त्याच सकाळची एक गोष्ट अशी आहे की ती मला अजून झोपेत आठवते. लाट फुटत होती त्याच्या बाजूला, नदीच्या मुखाकडे, पाण्याचा एक पट्टा गुळगुळीत आणि गडद दिसत होता. फेस नाही, उसळी नाही. मी म्हणालो, तिथे पाणी शांत आहे, कोणी पडले तर तिथे सुरक्षित असेल. ती म्हणाली, “शांत नाही बाबा, खोल आहे. लाटांनी आणलेलं सगळं पाणी तिथूनच परत जातं. आम्ही त्याच ओढीवर बसून आत जातो. पोहायला उतरलेला माणूस असेल तर तेच पाणी त्याला घेऊन जाईल.”

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांची सहल कोकणात नेली होती. कोकणचा किनारा आमच्या गावापासून हजारभर किलोमीटरवर; त्या बसमधल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. किनाऱ्यावर उतरल्यावर मी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केले आणि सांगितले, “जिथे लाटा फुटत आहेत तिथे जाऊ नका, जिथे पाणी शांत दिसते तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा.” सात-आठ मुले तिथे उतरली. त्यांतला एक, जो आमच्या तलावाच्या पाळीवरून सूर मारून पलीकडचा काठ गाठायचा, तो बघता बघता आत गेला. किनाऱ्याकडे तोंड करून तो जीव खाऊन हात मारत होता आणि मागे मागेच जात होता. जाळे सांधत बसलेल्या एका मच्छीमाराने त्याला काढले. सरळ किनाऱ्याकडे न येता, आडवे पोहत जाऊन, फेसाळ पाण्यातून त्याला बाहेर आणले. आम्ही सर्वांनी देवाचे आभार मानले आणि दोष मुलाच्या अंगावर टाकला, की त्याने आगाऊपणा केला. त्याने आगाऊपणा केला नव्हता. त्याने माझे ऐकले होते. भरती-ओहोटी, सागरी प्रवाह, खारे आणि मतलई वारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवले, आणि मुलांना नेमके त्याच पट्ट्यात उभे केले. हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, थर्सोला, गाडीत बसून कळले. तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे आणि तुमसरला असतो. परत आल्यावर मी त्याला जाऊन भेटलो आणि हे सांगितले.

थंडीचेही तसेच. तिथले पाणी हिवाळ्यात सहा-सात अंशांवर येते. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. म्हणून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या नियोप्रीन रबराचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा पोशाख), पायमोजे, हातमोजे आणि डोक्याला टोपी. “कायले जातेस वं इतक्या थंडीत,” असे तिच्या आईने रोज म्हणावे आणि ती परतेपर्यंत चुलीवरून, म्हणजे तिथल्या शेगडीवरून, पाण्याचे पातेले उतरवू नये, असा क्रम होता. एकदा बाहेर आल्यावर तिची बोटे इतकी बधिर झाली होती की पाठीवरची चेन तिला धरता येईना. मी ती ओढली आणि आईने कोमट पाणी मनगटांवर ओतले. पण तिने आम्हाला समजावले की थंड पाण्यात माणूस बहुधा गारठून मरण्याआधी श्वासाने फसतो. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडले की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. ही अवस्था एक-दोन मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ धडपड न करता पाठीवर तरंगत राहायचे, एवढेच. १८२४ पासून लोकवर्गणीवर चालणारी ब्रिटनची जीवरक्षक नौकांची संस्था हाच एक सल्ला लहान मुलांपासून सगळ्यांना देत असते.

धोका नाही असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स या थंड पाण्याच्या खडकाळ जागी २३ डिसेंबर १९९४ रोजी मार्क फू हा हवाई बेटांवरचा अत्यंत अनुभवी सर्फर मरण पावला. तो रात्रभराचा विमानप्रवास करून आला होता आणि ज्या लाटेवर तो पडला ती त्या दिवसातली सर्वांत मोठी नव्हती. पण त्याच जागी जेफ क्लार्क १९७५ पासून सुमारे १५ वर्षे जवळपास एकट्याने जात राहिला, आणि जाण्यापूर्वी त्याने ती लाट दुरून दीर्घकाळ न्याहाळली होती. माणसे मरतात हे लिहाच. पण बाकीची कशी परत येतात, हेही लिहा.

आमच्याकडे पाणी जोखणारे कोणी नाही असे नाही. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना तलावाचा प्रत्येक उतार, सांडव्याजवळची ओढ, शिंगाड्याच्या वेलीत पाय कुठे अडकतो हे पाठ असते. ते कधी कोणी शाळेत येऊन सांगितले नाही, आम्हीही बोलावले नाही. मुलांना घरी एवढेच सांगितले जाते की पाण्यात जाऊ नको, आणि मुले जातातच. पोळ्याच्या आणि विसर्जनाच्या दिवसांत दरवर्षी येणाऱ्या बातम्या आपणच छापता. अशा मुलांच्या हाती ‘जिवावर उदार’ हे शब्द पडले, की पाण्यात उतरणे हे छातीचे काम आहे, डोळ्यांचे नव्हे, असे त्यांना वाटणार.

आणि समुद्र आता आमच्यापासून तितका दूरही राहिलेला नाही. हिवाळ्यात विदर्भातल्या शाळांच्या बसगाड्या रांगेने कोकणाकडे निघतात. दक्षिणेकडच्या थंड महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून भारताच्या किनाऱ्यावर निरभ्र आभाळाखाली येऊन धडकतात. केरळात त्यांना कल्लक्कडल, चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात आणि हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहितीचे केंद्र त्यांचे इशारे प्रसिद्ध करते. हे इशारे सहलीला निघणाऱ्या किती मुख्याध्यापकांनी पाहिले असतील? माझ्या काळात मी पाहिले नसते.

म्हणून विनंती अशी की, दिवाळीनंतर सहली निघण्यापूर्वी याच पुरवणीत याच छायाचित्राच्या आकाराची एक आकृती द्यावी: फुटणाऱ्या लाटांच्या मधला गडद, गुळगुळीत पट्टा कसा ओळखायचा, त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे न झगडता पाठीवर कसे तरंगायचे आणि आडवे होऊन फेसाळ पाण्याकडे कसे सरकायचे. थर्सोच्या त्या सकाळी मी गाडीतून काढलेली सहा छायाचित्रे माझ्याकडे आहेत. त्यांत लाट आणि तिच्या शेजारचा तो पट्टा दोन्ही स्पष्ट दिसतात. आपण कळवल्यास ती लगेच पाठवतो. त्यांचे मानधन नको.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया