सासऱ्यांचे पणजोबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारत होतात की माझे सासरे हल्ली इतके गप्प का. प्रकृती ठणठणीत आहे. धक्का बसलाय तो त्यांच्या पणजोबांचा, आणि तो आम्हीच दिला.

तुम्ही इथे न्यूझीलंडला, डुनेडिनला आला होतात तेव्हा त्यांनी भिंतीवरचं गढीचं चित्र दाखवून सांगितलं होतं ना? पणजोबा स्कॉटलंडमधल्या जमीनदाराचे धाकटे चिरंजीव, बापाशी भांडून जहाजात बसले वगैरे. हे गाव १८४८ साली 'जॉन विक्लिफ' आणि 'फिलिप लेंग' या जहाजांतून आलेल्या स्कॉटिश लोकांनीच वसवलं. त्यामुळे इथे घरोघरी असा एखादा रुसलेला राजपुत्र भेटतो. अमुक स्कॉटिश आडनावाला अमुक चौकडीचं कापड, हा थाटसुद्धा बराचसा एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला. पण सासऱ्यांना हे कोण सांगणार!

त्यांच्या वाढदिवसाला वंशावळ करून द्यायची असं तुमच्या जावयाने ठरवलं. न्यूझीलंडने जुन्या जनगणनेचे घरोघरचे कागद जपलेच नाहीत, म्हणून मृत्यूच्या दाखल्यापासून सुरुवात केली. १८७६ पासूनच्या इथल्या नोंदीत आईबापांची नावं, जन्मगाव, या देशात किती वर्षं काढली, हे सगळं विचारलेलं असतं. पणजोबांचं गाव निघालं स्कॉटलंडच्या बँफशायरमधलं. आईचं नाव होतं. बापाचा रकाना कोरा.

मग स्कॉटलंडच्या सरकारी नोंदी. (एका पानाला साधारण दीड पौंड पडतो, बाबा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.) तिथे सक्तीची नोंदणी १८५५ ला सुरू झाली आणि पणजोबा जन्मले १८५६ ला, हे आमचं नशीब. मुलाच्या नावाखाली सरळ 'अनौरस' असं लिहिलेलं. आई शेतावरची मोलकरीण. सही येत नव्हती, म्हणून रजिस्ट्रारने तिचं नाव लिहिलंय आणि नावाच्या मधोमध तिची फुली.

त्या काळी अशा बाईला चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे उभं करून बापाचं नाव विचारायचे. त्या सभांची इतिवृत्तं आता घरबसल्या वाचता येतात, पण नाव टाकून शोधता येत नाही, पानामागून पान वाचावं लागतं. जावयाने हात टेकले. मी मात्र आपल्या मोडीच्या वर्गाची सवय कामी आणली आणि वाचत बसले. तिने नाव सांगितलंय. जमीनदार-बिमीनदार कोणी नाही, पलीकडच्या शेतावरचा नांगरणारा गडी. त्याने आधी कानांवर हात ठेवले, पुढच्या सभेत कबूल झाला. लग्न काही झालं नाही. १८६१ च्या जनगणनेत पोरगा आजीकडे आहे आणि आई वेगळ्याच शेतावर नोकरीला. आई, हे वाचताना मला फार राग आला, कोणाचा ते विचारू नकोस.

सासरे म्हणाले, हा त्याच नावाचा दुसरा कोणी असेल. चित्र अजून भिंतीवर आहे. मला वाटतं, त्या कोऱ्या रकान्यात पुढे कोणीतरी मायेपोटीच जमीनदार बसवला असणार. खुद्द पणजोबांनी काही लपवलेलं दिसत नाही. तिकडच्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलीला बायकोच्या आईचं नाव द्यायचं. पणजोबांनी स्वतःच्या आईचं दिलं. आणि त्यांच्या बायकोची सही, हो, फुली नव्हे, १८९३ च्या मताधिकाराच्या अर्जावर सापडली. बायकांना मत देणारा हा पहिला देश, त्या अर्जामागची एक बाई आमच्या घरातली! यावर मात्र सासरे खूश झाले.

आता तुमच्याकडे वळते. आपले खापरपणजोबा पेशव्यांच्या पदरी होते, हे मी लहानपणापासून ऐकतेय. कोणाच्या तोंडून आलं, ते तरी कुठेतरी लिहून ठेवा. त्र्यंबकेश्वरच्या आपल्या उपाध्यांच्या वहीत कोणाकोणाची नावं आहेत ते दादाला बघायला सांगितलंय, फोटोही काढ म्हटलंय. आणि आत्याला विचारा, पणजीचं माहेर कुठलं. ती 'कशाला उकरताय' म्हणेल. मी विचारलंय म्हणून सांगा, माझ्यावर ती चिडत नाही.

तुमची,
ताई