औषध न दिल्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सा. न. वि. वि. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. तरी पत्र उघडच लिहिते आहे. रिपोर्टवर ‘मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस’ (म्हणजे आतड्यांना धरणाऱ्या पडद्यातल्या चरबीची सूज) असं वाचून आमच्यासारखं आणखी एखादं घर आज धास्तावलेलं असेल, त्यांच्याही नजरेस पडावं.

अण्णांचं पोट बेंबीभोवती दुखायचं, दोन घास खाल्ले की डब्ब व्हायचं. वजनही उतरलं होतं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, मग सीटी झाला आणि हा शब्द आला. चुलतभावाने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं आणि ‘कॅन्सर’ हे एकच अक्षर वाचून गप्प बसला. एका डॉक्टरांनी पोट उघडून बघू म्हटलं. दुसऱ्यांनी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायला सांगितली: टीबी असला तर जाईल, नसला तर काय बिघडतं! ज्यांच्या घरात एकेटीने कुणाला कावीळ झालीय, त्यांना विचारा काय बिघडतं ते.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही रिपोर्टचा कागद बाजूला ठेवलात आणि सीडी मागितलीत. मला पहिलं बरं वाटलं ते तिथे. सीडी आम्ही घरीच विसरणार होतो, आईने पिशवीत कोंबली होती म्हणून बरं.

मग खुर्ची वळवून तुम्ही अण्णांना कॉम्प्युटरसमोर बसवलंत. आतड्यांना पाठीच्या बाजूने धरून ठेवणारा एक पडदा असतो, मुळाशी जेमतेम पंधरा सेंटिमीटर, आणि त्याच्या कडेला सहाएक मीटर लहान आतडं. साडीच्या निऱ्या कमरेशी खोचलेल्या असतात तसा. रक्तवाहिन्या त्यातूनच जातात, आणि भोवती चरबी. सीटीवर चरबी काळी दिसते. अण्णांच्या पोटात डाव्या बाजूला ती राखाडी झाली होती, सुजलेली. तुम्ही कर्सर एका पांढऱ्या ठिपक्यावर नेलात. ती रक्तवाहिनी. तिच्याभोवती मात्र बारीकशी काळी कडी शिल्लक होती, म्हणजे तेवढी चरबी निरोगी. ‘ही कडी दिसतेय ना, ही मला आवडली,’ असं तुम्ही म्हणालात. सूज वाहिन्यांना ढकलत नव्हती, दाबत नव्हती. लसिकाग्रंथींच्या गाठी होत्या त्या छोट्या. टीबीत दिसतात तशा मधून काळवंडलेल्या गाठी नाहीत, आतड्याच्या शेवटच्या भागाला जाडी नाही, पोटात पाणी नाही. लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं, नावही तुम्ही आडपडदा न ठेवता घेतलंत आणि तो इथे का वाटत नाही तेही सांगितलंत. कुणी लपवत नाही म्हटल्यावर माणसाची निम्मी भीती जाते.

त्यानंतर तुम्ही अण्णांना पायजमा वर करायला सांगितलात. आम्ही एकमेकांकडे बघतोय, दुखतंय पोट आणि बघताय पाय? तुम्ही नडगीवरून आणि पोटऱ्यांवरून बोटं दाबत फिरवलीत, तांबूस दुखऱ्या गाठी कधी आल्या होत्या का, मधूनच ताप येतो का, विचारलंत. कातडीखालच्या चरबीलाही अशी सूज येते. नडगीवर गाठी आल्या तर मागे घशाचा संसर्ग, टीबी, एखादं औषध असं काहीही असू शकतं. पोटऱ्यांवर येऊन चिघळणाऱ्या गाठींमागे आपल्याकडे टीबी शोधावाच लागतो. आणि स्वादुपिंडाच्या आजारात तिथले पाचकरस रक्तात उतरून पायाची चरबी विरघळवतात. ताप आणि गाठींच्या आजाराला १९२५ मध्ये वेबर आणि १९२८ मध्ये ख्रिश्चन यांच्या लिखाणावरून नाव पडलं, पण आता त्या नावावर न थांबता मागचं खरं कारण शोधतात, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. अण्णांच्या पायावर काही नव्हतं. स्वादुपिंडाच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, आयजीजी४ची रक्ततपासणी, सगळं ठीक आलं.

आणि मग तुम्ही काहीच दिलं नाहीत. पॅडवर स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिलंत: ‘सध्या औषध नको. ऑपरेशन नको.’ खाली कधी धावत यायचं ते: उलट्या होऊन पोट फुगलं, ताप राहिला, रात्री घामाने कपडे भिजले, वजन आणखी उतरलं तर. पोटाच्या या आजाराचं पहिलं वर्णन १९२४ मधलं आहे, शंभर वर्षं झाली, आणि पुष्कळांत तो दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या सीटीत सापडतो आणि काही न करता तसाच राहतो. थोड्यांत मात्र ती चरबी आवळत जाते, आतडं आणि वाहिन्या ओढल्या जातात. तेव्हा स्टेरॉइड, आणि त्याच्या जोडीला टॅमॉक्सिफेन. हे ऐकून आई म्हणाली, ते तर माझ्या बहिणीला स्तनाच्या कॅन्सरनंतर दिलं होतं! तुम्ही हसून हो म्हणालात आणि तेच का वापरतात तेही तिला समजावलंत. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी.

अण्णा मात्र परतताना एसटीत नाराज होते. एवढ्या लांब जायचं, फी भरायची, आणि साधी एक गोळी नाही? अर्ध्या गाडीला त्यांनी हे ऐकवलं.

मॅडम, औषध लिहून देणं तुम्हाला सोपं होतं. आम्हीही खुशीने गेलो असतो, मेडिकलवाल्याचंही भलं झालं असतं. नको म्हणायला मात्र तुम्ही अख्खा स्कॅन स्वतः बघितलात, पाय तपासलेत, तासभर खर्ची घातलात. त्या तासाचे आभार मानायचे होते.

पुन्हा काढलेल्या सीटीत ती राखाडी चरबी आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. दुखणं पुष्कळ कमी आहे, अधूनमधून कुरकुरतं. वजन थोडं भरलंय. अण्णा सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात आणि वाटेत भेटेल त्याला काळ्या कडीची गोष्ट सांगतात, आता जरा अभिमानानेच.

त्यांनी एक विचारायला सांगितलंय: भाकरीबरोबर ठेचा चालेल का? मी नको म्हणाले, पण ते माझं ऐकत नाहीत. पुढच्या वेळी तुम्हीच काय ते सांगा.

आपली,
अण्णांची थोरली