आईच्या हाताला ज्यांचे हात लागले, त्यांना

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी (हातातला द्रव जिथून जातो त्या गाठी) काढल्या आणि वर्षभरात आईचा उजवा हात सुजू लागला. पाटल्या चढेनात. ओपीडीच्या रांगेतल्या एका अनोळखी ताई म्हणाल्या, "अंगावर काढू नका, सूज मऊ आहे तोवरच दाखवा." ताई, तुमच्यामुळे वेळेत पोहोचलो.

सर्जननी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरहून बारीक लसिकावाहिन्या, म्हणजे हातात साचणारा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, शिरांना जोडल्या, केसाहून बारीक धाग्याने! त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानू? आणि बोटांपासून वर, हळूहळू सैल होत जाणारी पट्टी बांधायला मला चार-चारदा शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचे? रात्रपाळीच्या सिस्टरचेही मनापासून आभार.

सूज पूर्ण गेलेली नाही, सूज आवरणारी घट्ट, दाबाची बाही रोज घालावीच लागते. पण परवा आईने स्वतःची वेणी स्वतः घातली.