पत्र्याच्या कारखान्यातले आजी-माजी कामगार: दाव्याच्या मुदतीबाबत सूचना

राम राम जी. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुतीच्या देवळात, सभामंडपात बसायचं आहे. सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात काम केलेल्या सगळ्यांनी यावं. जे वारले त्यांच्या घरच्यांनीही यावं. वकील येणार आहेत.

पत्र्यात घालतात त्या ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिज तंतूच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होणं हा कायद्यानं कामामुळे झालेला आजार धरला जातो. भरपाईचा दावा २ वर्षांत लावावा लागतो. आजारानं सलग काम सुटलं तो पहिला दिवस किंवा मृत्यूची तारीख, तिथून मोजायचं. पण हा आजार बरेचदा २०-३० वर्षांनी वर येतो. म्हणून मुदत गेली समजून घरी बसू नका. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर भरपाईचे दावे ऐकणारे सरकारी अधिकारी दावा ऐकू शकतात.

सोबत आणा:
- एक्स-रे, सीटी स्कॅन, डॉक्टरांची चिठ्ठी (तारखेसह)
- हजेरी कार्ड, पगाराची स्लिप, पीएफचे कागद
- ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर नक्कीच. हे कार्ड असलेल्यांचा अर्ज वेगळीकडे जातो

माझ्या बाबांचा पहिला एक्स-रे आम्ही धानाच्या कोठीमागे ठेवला होता. ओल लागून फिल्म चिकटली, कोपऱ्यातली तारीखच गेली. तुमचे कागद आजच प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

कागद नसले तरी या. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे कारखान्यानं कामगाराचं वैद्यकीय रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा असेल तोवर जपायचं असतं. ते लेखी मागू.

कोऱ्या कागदावर कोणालाही सही-अंगठा देऊ नका.